साक्षीदाराने बोलू नये

४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक उ. आशीर्वाद.

या पत्राने मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे, आणि ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधल्या मजकुरात तू ती शोधत बसणार नाहीस: घरातली सकाळ शांत करण्याचे सामर्थ्य यंत्रात नाही. तू परवा दिव्यांचा, पडद्यांचा आणि कसल्याशा बोलत्या डबीचा जो प्रस्ताव मांडलास, त्याचे उत्तर फोनवरही देता आले असते. पण फोनवर तू हसतेस, आणि हसण्याचे खंडन करता येत नाही.

आधी वस्तुस्थिती. चिरंजीव शहरातली पहिली बस चालवतात, म्हणजे ते अंधारातच बाहेर पडतात. सूनबाई प्रयोगशाळेत उपाशीपोटी आलेल्या लोकांचे रक्त काढते; त्या लोकांना थांबवता येत नाही, म्हणून तीही उजाडायच्या आत पायात बूट चढवत असते. मधल्या धांदलीत लेकीला, मुंगीला, उठवायचे, न्हाऊ घालायचे, आणि उरलेली मुंगी माझ्या स्वाधीन करून निघायचे, असा क्रम आहे. तो गेले वर्षभर एकदाही पार पडलेला नाही. मुंगी रडत नाही, हट्ट करत नाही. ती दगड होते. एक मोजा हातात घेऊन पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बसते आणि तिथून हलत नाही. रडणाऱ्या मुलाची समजूत घालता येते. दगडाची कोणी घालावी? खाली शाळेची गाडी भोंगा वाजवते, थांबते आणि निघून जाते.

परिणाम तुला ठाऊक आहे. पहिला तास वाचनाचा असतो आणि मुंगी त्या तासाला वर्गात नसते. सत्र संपेपर्यंत ती वेळेवर येऊ लागली नाही, तर तिला निवासी शाळेत घालणे बरे, असे मुख्याध्यापिकांनी सौम्य पण स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. चिरंजीव आणि सूनबाई ती शाळा पाहूनही आले. सूनबाईने एक लहान ब्लँकेट आणून कपाटावर ठेवले आहे. मुंगी सात वर्षांची आहे.

मी हातावर हात ठेवून बसलेलो नाही. तिच्या खोलीबाहेरच्या बोळातल्या खुर्चीवरून मी तिला दर थोड्या वेळाने किती वाजले ते सांगतो, कोणते काम झाले व कोणते राहिले ते सांगतो. आवाज चढवत नाही. वाक्ये छोटी ठेवतो. इतकी स्पष्ट माहिती मिळूनही मूल हलत नसेल, तर दोष माहितीत नाही, इच्छेत आहे. शांतता म्हणजे इच्छांचा मेळ. यंत्राला इच्छा नाही. म्हणून यंत्र त्या मेळात भर घालू शकत नाही. यातले कोणते विधान तुला अमान्य आहे ते कळव.

लोभ आहे हे गृहीत धरतो. ते मात्र सिद्ध करायला सांगू नकोस.

तुझा,
दादा


९ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलंस, आता घरातल्या सात वर्षांच्या पोरीलाही पेपर काढून देतोयस. शांततेची व्याख्या केलीस. बरं झालं, मुंगीची केली नाहीस.

कुठलं विधान अमान्य, ते सांगते. यंत्राला इच्छा नसते, हे कबूल. पण दिव्याला तरी कुठे असते? मी उभा जन्म नाटकांना उजेड दिला. रिकाम्या, थंडगार नाट्यगृहात, धुळीच्या पडद्यावर मी पहाट आणलेली आहे आणि समोर बसलेल्या माणसांनी नकळत खांदे सैल सोडलेले पाहिले आहेत. त्यांना कुणी सैल सोडा म्हणालं नव्हतं. या धंद्यात पहिला धडा मिळतो तो हाच, की पहाट होताना दिसता कामा नये. झालेली दिसली पाहिजे. तुमच्या घरी काय होतं? काळोखात झोपलेल्या पोरीच्या डोक्यावर खटकन ट्यूबलाईट पेटते. दादा, तसा उजेड आम्ही रंगमंचावर फक्त पोलिसांची धाड पडते तेव्हा देतो.

मी पुढच्या आठवड्यात येतेय. तू ‘ये’ म्हणाला नाहीस, पण ‘येऊ नकोस’ असंही पत्रात कुठे नाही. तुझ्याच शास्त्राप्रमाणे वाट मोकळी आहे. येताना दिवे आणते. ते जमिनीलगत बसतील, कारण सकाळ कधी छतातून येत नाही. पडदा ओढायला एक छोटी मोटर आणते. न्हाणीतलं पाणी आपोआप तापेल, म्हणजे ‘गीझर लावला का’ ही आरोळी बंद. आणि दारापाशी एक दिवा: शाळेची गाडी कुठवर आली ते त्याला फोनवरून कळेल. लांब असली तर पिवळा, कोपऱ्यावर आली की हिरवा. सगळं माझ्या फोनवरूनही दिसेल, म्हणजे मी घरी बसून तुमच्यावर नजर ठेवीन. बोलती डबी आणत नाही. तुमच्या घरात बोलणारे पुरेसे आहेत.

कपाटावरच्या ब्लँकेटचं वाचून मात्र हसू थांबलं. सूनबाईला सांग, आत्या येतेय.

माया कमी करू नकोस, उपदेश केलास तर चालेल.

तुझी,
धाकटी


२७ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू गेल्यापासून रोज लिहीन म्हणत होतो. लिहिले नाही, कारण जे पाहतो आहे ते टिकेल याची खात्री नव्हती, आणि एका दाखल्यावरून नियम सांगणाऱ्यांना मी वर्गाबाहेर काढत असे. आता पुरेशा सकाळी पाहून झाल्या आहेत.

तू निघालीस त्याच दिवशी मी स्वतःवर एक अट घातली. प्रयोग दिव्यांचा असेल, तर मध्ये दुसरे काही ढवळता कामा नये. साक्षीदाराने बोलू नये. म्हणून मी बोळातल्या खुर्चीवर मौन धरून बसलो. तिथून मुंगीची खोली सरळ दिसते. चिरंजीवांनाही सांगितले की फक्त पाहा. ते मला म्हणाले, बाबा, तुम्ही गप्प बसणार हाच मोठा प्रयोग आहे. मी दुर्लक्ष केले.

उजेड नेमका कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. हे वाक्य लिहिताना संकोच वाटतो, कारण मी नेमके तेच टिपायला बसलो होतो. आधी काळोख होता. मग पलंगाचा एक पाय होता. तो केव्हा दिसू लागला हे मी विचारीपर्यंत त्याची सावलीही होती, आणि सावलीशेजारी मुंगीच्या सपाता. रंग निखाऱ्याचा नव्हे. निखारा विझल्यावरही हाताला जी ऊब लागते तिला रंग असता तर तो असा असता. भिंत खालून वर भरत गेली, विहिरीत पाणी चढावे तशी. मी माझ्या वयाइतक्या पहाटा पाहिल्या आहेत असे समजत होतो. त्या सगळ्या झालेल्या पाहिल्या होत्या.

मुंगीने डोळे उघडले. ती उठली नाही. तिने हात पांघरुणाबाहेर काढला आणि आपण आंघोळीचे पाणी बोट बुडवून पाहतो तसा भिंतीवरच्या उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला. मग ती बसली. पडदा सरकू लागला तेव्हा तिने त्याच्याकडे मान वळवली, आणि बाहेरची ओली छपरे, एक झाडणारा माणूस, समोरच्या घरातली एकच पेटलेली खिडकी, हे सगळे तिने असे पाहिले, जणू ते तिच्यासाठी मांडून ठेवले होते. नंतर ती पलंगावरून उतरली. भिंतीकडच्या फटीत नाही, न्हाणीकडे.

मोजे तिने स्वतः घातले. एक उलटा होता. सूनबाई दारात बूट हातात घेऊन उभी होती. जायची वेळ होऊन गेली तरी ती हलेना. दारापाशी दिवा हिरवा झाला. मुंगीने दप्तर उचलले आणि ती जिना उतरून गेली. मी खिडकीशी जाईपर्यंत गाडीचे दार लागले होते. भोंगा वाजलाच नाही.

असे रोज होते आहे, आणि रोज माझा श्वास तसाच अडतो. विस्मय हा सर्व विचाराचा उगम, असे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. शब्द पाठ होता. चव आता कळली.

तेव्हा माझे चार तारखेचे विधान मी मागे घेतो. त्याच्या जागी नवे मांडतो: आमच्या घरातली सकाळ शांत झाली त्याचे कारण तुझे दिवे. बाकी सर्व परिस्थिती तीच आहे. बदल एकच झाला. म्हणून कारणही तेच.

या वेळी लोभाची मागणी करत नाही, आभार मानतो. ते कसे मानतात याचा सराव नाही.

दादा


२ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी शेजारणीला वाचून दाखवलं, मग रंगपटातल्या जुन्या मैत्रिणीला फोनवर. ती म्हणाली, तुझ्या भावाला पन्नास वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत घ्यायला हवं होतं, इतकं बारकाईनं कुणी आमचा उजेड पाहिला नाही. वृत्तपत्रवाले ‘प्रकाशयोजना ठीक’ एवढं लिहायचे आणि पुढच्या ओळीला जायचे.

तू मागे घेतलेलं विधान मी चौकट करून भिंतीवर लावणार आहे. आता उगाच माझ्या दिव्यांत सुधारणा सुचवू नकोस. मांडलेला प्रवेश हलवायचा नसतो. मुंगीला म्हणावं, हात उजेडात धरून पाहणारी ती पहिली नाही. आमच्याकडे एक मोठे नट होते, ते प्रयोगाआधी रिकाम्या रंगमंचावर येऊन तेच करायचे. ऊब लागली की जायचे, कुणाशी एक अक्षर न बोलता.

सत्र संपायला थोडेच दिवस राहिलेत. काळजी करत नाही असं लिहिणार होते, पण खोटं लिहवत नाही. कळवत राहा.

आहे तितकी माया पुरते, पण ओतत राहा.

धाकटी


११ डिसेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझे दिवे बिघडले आहेत.

सिद्ध झालेल्या गोष्टीवर पहारा लागत नाही, म्हणून गेल्या आठवड्यात मी प्रयोग संपल्याचे घरात जाहीर केले आणि माझ्या नेहमीच्या कामाला लागलो. उजेड आपले काम करतो आहेच. त्याला माझ्या सूचनांची जोड मिळाली तर मुंगी आणखी दोन घास निवांत खाईल, असा सरळ हिशेब होता. पहिल्या दिवशी ती न्हाणीच्या दारात थांबून राहिली. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरली नाही. कालपासून ती पुन्हा फटीत आहे, मोजा हातात. दारापाशी दिवा हिरवा होतो, पुन्हा पिवळा होतो, आणि गाडी जाते.

मला पहाट आता घाईची वाटते. पडदाही लवकर सरकत असावा. तू तिकडून तपासून पाहा. मुख्याध्यापिका सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी निर्णय सांगणार आहेत. चिरंजीव काल जेवताना म्हणाले की चांगल्या दिवसांवर विश्वास ठेवायलाच नको होता. सूनबाईने ते कपाटावरचे ब्लँकेट खाली काढून उन्हात टाकले. दमट वास जावा म्हणून, असे ती म्हणाली.

मी चुकीच्या कारणावर भरवसा ठेवला असेन, तर ते मला ताबडतोब कळायला हवे. रागाने लिहितो आहे हे जाणतो.

दादा


१४ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तपासलं. एकूण एक तपासलं. दिवे त्याच क्षणाला लागतात, त्याच चालीनं चढतात, पडदा तसाच सरकतो. तुझ्या ‘घाईच्या’ पहाटेत आणि तू ज्यावर पानभर लिहिलंस त्या पहाटेत तसूभर फरक नाही.

मग मी सूनबाईला तिच्या जेवणाच्या सुट्टीत गाठलं. काय बदललं, म्हणून विचारलं. म्हणाली, काही नाही आत्या. पुन्हा विचारलं. म्हणाली, खरंच काही नाही. मग मी गप्प बसले. ती युक्ती मला तुझ्यामुळे सुचली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “आत्या, दिवे ठीक आहेत. बाबा बोलायला लागलेत.”

आणि लगेच तीच घाबरली. म्हणाली, त्यांना सांगू नका, ते तिच्यासाठीच करतात, कधी रागावत नाहीत, त्यांच्याशिवाय आम्ही नोकऱ्या कशा केल्या असत्या. तिला तुझ्याबद्दल केवढी माया आहे ते तू पाहायला हवं होतंस. मी मात्र सांगतेय, कारण शुक्रवार जवळ आलाय आणि मला तुझा धाक नाही.

आमच्याकडे एक प्रॉम्प्टर होता. अत्यंत हुशार, सगळं नाटक तोंडपाठ. एका नवख्या मुलीला मदत म्हणून तो प्रत्येक वाक्य आधी पुटपुटायचा. ती बिचारी रंगमंचावर खांबासारखी उभी राहायची आणि आम्ही म्हणायचो, हिला पाठांतरच नाही. एकदा तो आजारी पडला आणि तिनं सबंध नाटक एका दमात केलं. त्याचा आवाज तिच्या कानात असायचा तिथंच तिचं स्वतःचं वाक्य यायचं असायचं.

तू बल्ब तपासायला मला लावलंस, दादा. काखेत कळसा नि गावाला वळसा. आणि मीही कमी नाही: माझा उजेड जिंकला म्हणून नाचत सुटले, तू गप्प बसला होतास हे तुझ्या पत्रात वाचूनही.

रागावलास तर पत्रानंच रागाव. माया ठेव, मी इथं तुझी वाट पाहतेय.

धाकटी


२३ डिसेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राचे खंडन मी त्याच संध्याकाळी लिहून काढले. मुद्दे नेटके होते. मी कधी ओरडलो नाही. मी फक्त माहिती दिली. माहितीने मूल दगड होते असे मानणे म्हणजे शाळा बंद करण्यासारखे आहे. ते पाकिटात घालण्यापूर्वी तुझे म्हणणे खोटे पाडायचे म्हणून दुसऱ्या सकाळी मी पुन्हा तोंड मिटून खुर्चीवर बसलो.

त्या वेळी मी मुंगीकडे कमी आणि स्वतःकडे जास्त पाहिले. माझी वाक्ये ओठांपर्यंत येत आणि मी ती अडवत असे, म्हणून मला ती प्रथमच नीट दिसली. पावणेसात झाले, हे वाक्य मी माहिती समजत होतो. ती माहिती नव्हती. तिला उत्तर हवे होते. माझे प्रत्येक शांत, छोटे, शुद्ध वाक्य त्या मुलीपुढे जाऊन उभे राही आणि तिच्याकडे जबाब मागत असे. पहिल्याचा जबाब सुचायच्या आत दुसरे रांगेत असे. उजेडही वेळच सांगतो, धाकटी. पण सांगून तो थांबत नाही, मागे वळून पाहत नाही. तो उत्तर मागत नाही.

मुंगी त्या दिवशी फटीतून उठली, पण गाडी चुकली. पुढच्या दिवशी गाडी मिळाली. आणि बुधवारी पहाटे आमच्या गल्लीतली वीज गेली.

चिरंजीव आणि सूनबाई मेणबत्तीवर आवरून निघून गेले होते. तुझा एकही दिवा लागला नाही, पडदा हलला नाही. घर विहिरीसारखे काळे होते आणि मी त्यात बसलो होतो. मला खरोखर भीती वाटली. माझ्याजवळ तिला उठवण्याचे एकच साधन उरले होते, आणि ते वापरायचे नव्हते. बऱ्याच वेळाने पावले वाजली. मुंगी भिंतीला हात लावत बोळापर्यंत आली, माझा गुडघा चाचपला, आणि तिथेच टेकून उभी राहिली. मग तिने विचारले, “आजोबा, सकाळ झाली का?”

आजपर्यंत सकाळी या घरात सगळे प्रश्न तिला विचारले गेले आहेत. तिने विचारलेला हा पहिला.

उत्तर मला येत होते. मी ते दिले नाही. तिचा हात धरून खिडकीशी गेलो आणि पडदा हाताने ओढू लागलो, तुझ्या मोटरीपेक्षाही सावकाश. आकाश अजून राखेचे होते. मी थांबलो, तीही थांबली. छपरांच्या कडा आधी आल्या. मग तारा. मग एका गच्चीवर विसरलेली चादर, जी आधी फक्त पांढरी होती आणि पाहता पाहता निळी झाली. मुंगीने काचेवर हात ठेवला, उलटा केला, सुलटा केला. मी सत्तरी ओलांडली, आणि हे एवढे मोठे काम रोज माझ्या खिडकीबाहेर कोणाच्याही सूचनेवाचून चालू होते. मुंगी म्हणाली की आता झाली, आणि मोजे आणायला गेली.

शुक्रवारी मुख्याध्यापिकांना भेटायला सूनबाई रजा काढून गेली. मुंगी त्या आठवड्यात एक दिवस सोडता रोज पहिल्या तासाला होती, आणि बाईंसमोर तिने अर्धे पान न अडखळता वाचले. निवासी शाळेचा विषय संपला. सूनबाईने मला हे सांगितले तेव्हा मी तिला विचारले की इतके दिवस ती माझ्याशी का बोलली नाही. ती म्हणाली, बाबा, तुम्ही मध्ये जागा सोडली असतीत तर बोलले असते. नंतर आम्ही दोघेही हसलो. ती आधी, मी थोडा मागून.

तुझे दिवे सुरू आहेत. त्यांच्या जागी मी आणि पडदा पुरे पडू, असे माझे म्हणणे नाही. उजाडण्यापूर्वीच निघावे लागणाऱ्या घराला कोणीतरी आधी सकाळ आणून द्यावीच लागते, आणि ती न बोलता आणून देणारे मला तुझ्या यंत्रांखेरीज कोणी माहीत नाही. माझ्याकडून त्यांना अडथळा होणार नाही. आता राहिले ते एवढेच.

कबुली. सत्तावीस नोव्हेंबरच्या पत्रात ‘बदल एकच झाला’ असे मी लिहिले, ते असत्य आहे. बदल दोन झाले होते. दुसरा मीच केला होता आणि तो मोजला नाही: माझे मौन ही मी प्रयोगाची अट समजलो, ते अर्धे औषध होते. चूक सर्वस्वी माझी.

(सही)
तुझा दादा